चालती ठेवा, नाहीतर भंगारात काढा

कुठल्याही जुन्या यंत्रापुढे ‘हेरिटेज’ हा शब्द लागला की मला भंगारवाल्याची हाक ऐकू येते. खरं तर भंगारवाला बरा. तो वजन करतो, पैसे मोजतो, माल उचलतो, आणि आपण काय केलं याबद्दल कोणाच्याच मनात शंका ठेवत नाही. हेरिटेजवाले तसं करत नाहीत. ते गाडीची मोटर काढतात, चाकं जागच्या जागी वेल्ड करतात, वरून चकचकीत ऑइलपेंट मारतात, शेजारी संगमरवरी पाटी लावतात आणि फीत कापून सांगतात की आम्ही इतिहास जपला. दोन महिने सेल्फी निघतात. दोन पावसाळ्यांनंतर छपराचे पत्रे फुगतात, आतल्या बाकांवर कुत्री झोपतात, आणि पाटी तेवढी शाबूत राहते.

माझं म्हणणं साधं आहे, आणि ते मी थोडं तावातावाने मांडणार आहे. जी ट्राम चालत नाही, ती जपलेली नाही. तिच्यावर छप्पर घाला, काच लावा, क्यूआर कोड चिकटवा, काही फरक पडत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आमच्या धंद्यात नव्याने आलेल्या पोराला एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते, बहुतेक वेळा रात्री दोन वाजता. ज्या बॅकअपवरून एकदाही रिस्टोअर करून पाहिलेलं नाही, त्याला बॅकअप म्हणत नाहीत. फाइल असते. तिचा आकार दिसतो, तारीख दिसते, मॅनेजरच्या शीटमध्ये हिरवी खूण असते. पण गरज पडेल तेव्हा ती उघडेल का, हे कोणालाही माहीत नसतं. संग्रहालयातली उभी ट्राम ही तशी फाइल आहे.

यावर ठरलेली उत्तरं येतात. जुनी गाडी रोज चालवणं परवडत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, शहर आता बदललंय. ही तिन्ही उत्तरं एकाच शहरात, एकाच रस्त्यावर कशी तोंडावर आपटली, ते आधी बघू. शहर सॅन फ्रान्सिस्को, रस्ता मार्केट स्ट्रीट.

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागेल. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या ट्राम कंपन्यांचे अध्यक्ष एकत्र आले. मोटारगाडी त्यांचे प्रवासी पळवत होती. त्यांनी समिती नेमली आणि एक नवी ट्राम घडवली. समितीच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून तिला पीसीसी म्हणतात. समितीने घडवलेली वस्तू चांगली निघते, याचं इतिहासातलं हे एक दुर्मीळ उदाहरण असावं. पायाने दाबायचे पेडल, चाकात रबराचे थर, धक्का न देता पळणारी गाडी. १९३६ पासून ती रस्त्यावर आली. उत्तर अमेरिकेत अशा पाचेक हजार बनल्या आणि तिथली शेवटची १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोसाठीच बनली. तिचंच तंत्र परवान्याने युरोपात गेलं. चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कारखान्याने (आपल्या टाटांशी संबंध नाही) त्यावरून हजारो ट्राम काढल्या.

मग १९७०चं दशक आलं. पीसीसी म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि अमेरिकेत नवी ट्राम बनवणारा कारखाना उरला नव्हता. केंद्र सरकारने ठरवलं की सगळ्या शहरांसाठी एक प्रमाणित आधुनिक गाडी करायची. ‘ट्राम’ हा शब्द म्हातारा वाटत होता, म्हणून नवं नाव आलं, लाइट रेल. आणि ती बनवणार कोण, तर बोइंग व्हर्टोल, म्हणजे हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी. व्हिएतनामचं युद्ध आवरत आलं होतं, हेलिकॉप्टरची मागणी घटणार होती, कामगारांना काम हवं होतं. बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन शहरं गिऱ्हाईक झाली. बॉस्टनला बोगद्यातली अरुंद वळणं घेणारी गाडी हवी होती. सॅन फ्रान्सिस्कोला बोगद्यात उंच फलाटाला लागणारी आणि रस्त्यावर पायऱ्या खाली सोडणारी हवी होती. दोघांचे हट्ट एकाच डब्यात कोंबले. ज्याने कधी दोन क्लाएंटना एकच प्रॉडक्ट विकलंय, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. दारं अडकायची, वळणावर चाकं रुळावरून उतरायची, गाड्या रस्त्यावर कमी आणि शेडमध्ये जास्त दिसायच्या. बॉस्टनने शेवटच्या ४० गाड्या घ्यायलाच नकार दिला आणि काही काळ आपल्या जुन्या पीसीसी पुन्हा डागडुजी करून वापरल्या.

सॅन फ्रान्सिस्कोने मात्र १९८२ मध्ये पीसीसींना निरोप दिला. नेमक्या त्याच वर्षी तिथल्या प्रसिद्ध केबल कार मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाल्या. पर्यटकांना दाखवायचं काय, हा प्रश्न आला. तेव्हा १९८३च्या उन्हाळ्यात मार्केट स्ट्रीटवर जुन्या ट्रामचा उत्सव भरवला गेला. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या ट्राम रस्त्यावर उतरल्या. लोकांना ते इतकं आवडलं की पुढची काही वर्षं तो होतच राहिला. मग ट्रामप्रेमींनी आणि व्यापाऱ्यांनी शहराच्या मागे लकडा लावला आणि १ सप्टेंबर १९९५ रोजी ‘एफ’ मार्ग कायमचा सुरू झाला. २००० मध्ये तो समुद्रकाठच्या फिशरमन्स व्हार्फपर्यंत गेला. तिथे धावायला लागल्या त्या पीसीसीच. काही सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वतःच्या, काही फिलाडेल्फियाने टाकून दिलेल्या, नंतर काही नूअर्कने सोडलेल्या. आणि ज्या बोइंगसाठी पीसीसी निवृत्त केल्या होत्या, त्या बोइंग २०००च्या सुरुवातीच्या वर्षांत सेवेतून गेल्या.

पीसीसी आजही धावतायत. ज्या गाडीला ‘जुनी झाली’ म्हणून घरी पाठवलं, तीच आपल्या वारसदाराला पोचवून आली.

एफ मार्गाबद्दलची जी गोष्ट पर्यटकांच्या रीलमध्ये कधी येत नाही, ती माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. तिकीट. केबल कारचं तिकीट वेगळं आणि महाग आहे. एफ मार्गाला मात्र शहरातल्या बसचंच साधं भाडं लागतं, तोच पास चालतो. म्हणजे १९४०च्या दशकातल्या त्या गाडीत कॅमेरा गळ्यात अडकवलेला पाहुणा असतो आणि कामावर निघालेला माणूसही असतो. वाहतूक खात्याच्या वेळापत्रकात ती इतर मार्गांसारखाच एक मार्ग आहे. त्यामुळे ती उशिरा आली की लोक तक्रार करतात. तक्रार होते म्हणून दुरुस्ती होते. वारसा टिकवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच्या उशिराबद्दल कोणीतरी शिव्या घालायला हवं.

याच मार्गावर काही ट्राम मिलानहून आणलेल्या आहेत, १९२८च्या. त्यांच्या बहिणी मिलानमध्ये अजून आहेत, शंभराहून जास्त, आणि त्या तिथे हेरिटेज म्हणून नव्हे तर नेहमीच्या मार्गांवर धावतात. लाकडी बाकं, पिवळा-पांढरा रंग, शंभरीला आलेलं लोखंड. शंभर वर्षांत त्यांच्या काचा बदलल्या, ब्रेक बदलले, वायरिंग बदललं. लोक चढतात, उतरतात, फोन बघतात.

हे कसं शक्य होतं, याचं कारण भावनिक नाही. ते त्या गाडीच्या पोटात आहे. वरच्या तारेतून साधारण ६०० व्होल्टचा डीसी पुरवठा येतो. थांबलेल्या मोटरला तो एकदम दिला तर ती जळून जाईल. म्हणून ड्रायव्हरसमोर एक उभं लोखंडी पिंप असतं, त्यावर हँडल. हा कंट्रोलर. पहिल्या खाचेत हँडल नेलं की दोन मोटरी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडल्या जातात. दाब दोघींत वाटला जातो, आणि वर लोखंडी रोध मधे बसवलेले असतात ते उरलेला झटका पोटात घेतात. हँडल पुढच्या खाचांत सरकेल तसा एकेक रोध बाजूला होतो. मग मोटरी समांतर जोडल्या जातात, प्रत्येकीला पूर्ण दाब मिळतो, गाडी पळते. पिंपाचं झाकण उघडलं की हा सगळा तर्क डोळ्यांनी दिसतो. तांब्याच्या पट्ट्या, त्यांना घासणारी बोटं, ठिणगी विझवणारी गुंडाळी. एखादं बोट झिजलं? तांबं कापून नवं करा. बेअरिंग गेलं? ओतून, खराटून नवं करा. कंपनी बुडाली असेल, देश बदलला असेल, काही अडत नाही. एक चांगला फिटर, एक खरादी, एक सुतार आणि वायंडिंग करणारा माणूस एवढ्यावर ती गाडी पुन्हा चालते. तिचा सोर्स कोड तिच्या अंगावरच लिहिलेला आहे.

आता बोइंगकडे या. तिच्यात रोधांऐवजी थायरिस्टरवर चालणारा चॉपर होता. तो वीज सेकंदाला कितीतरी वेळा तोडून-जोडून मोटरला हवा तेवढा दाब द्यायचा. कल्पना उत्तम. वीज वाचते, गाडी सफाईने सुटते. आजच्या सगळ्या मेट्रो याच विचाराची पुढची आवृत्ती आहेत. पण पन्नास वर्षांनी त्या कार्डावरचा एक भाग जळला की काय? तो बनवणारं कोणी नाही. झाकण उघडून काही दिसत नाही. आणि ज्याला ते कार्ड कळायचं, तो केव्हाच निवृत्त झाला. म्हणून १९२८ची ट्राम चालवणं सोपं आणि १९७८ची चालवणं कठीण, अशी उफराटी परिस्थिती आली आहे. बोइंगचे जे मोजके डबे संग्रहालयांनी वाचवले, त्यांच्याभोवती गर्दी होत नाही. त्या देखण्या नाहीत. आजीच्या फोटोत त्या नाहीत. त्यांच्यासाठी कोणाला हुंदका येत नाही.

पण सगळा दोष त्या काळाचा नाही. त्याच सुमाराला जर्मनीच्या ड्यूवाग कारखान्याची यू२ नावाची गाडी होती. १९६८ मध्ये फ्रँकफर्टमध्ये आलेली, साधी, रटाळ म्हणावी इतकी साधी. कॅनडात एडमंटनने १९७८ मध्ये ती घेतली, कॅलगरीने घेतली. सॅन दिएगोने केंद्राचा पैसा न घेता १९८१ मध्ये आपला मार्ग सुरू केला आणि नवीन काही शोधत न बसता तीच गाडी विकत आणली. तीस वर्षं वापरून झाल्यावर त्यातल्या काही अर्जेंटिनात मेंडोसा शहराला गेल्या आणि तिथे पुन्हा प्रवासी वाहू लागल्या. एकाच दशकातल्या दोन गाड्या. एक भविष्य दाखवायला बनवली होती, दुसरी दुरुस्त होण्यासाठी.

मला विचाराल तर जपणुकीची पुढची खरी लढाई या सुरुवातीच्या लाइट रेल गाड्यांची आहे, आणि ती सुतार-फिटर एकटे लढू शकत नाहीत. इथे आपल्यासारख्यांचं काम आहे. कार्डांचे नकाशे परत काढणं, जुन्या चिपमधला मजकूर ती मरायच्या आत वाचून ठेवणं, बंद झालेल्या भागाऐवजी चालणारा नवा भाग बनवणं आणि तो का चालतो हे लिहून ठेवणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा रील होत नाही. पण याची गरज किती आहे, ते बघायला पुन्हा मार्केट स्ट्रीटलाच या, फक्त जिना उतरून खाली. त्याच संस्थेच्या भुयारी मार्गावरची स्वयंचलित नियंत्रण व्यवस्था १९९८ मध्ये बसवली. ती सव्वापाच इंची फ्लॉपी डिस्कवरून सुरू होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बदलण्यासाठी २१.२ कोटी डॉलरचा करार मंजूर झाला. वर १९२८ची ट्राम साध्या तिकिटात चाललीय, आणि खाली १९९८चं सॉफ्टवेअर फ्लॉपी शोधतंय. जुनं कोणाला म्हणायचं?

आता विरोधी बाजू. सगळ्यात जुना आक्षेप असा, की इतके भाग बदलल्यावर ती मूळ ट्राम राहतेच कुठे? हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्याकडच्या एखाद्या गावच्या जत्रेतला रथ आठवावा. चाक मोडलं की सुतार नवं चाक बसवतो, आस किडली की आस बदलतो, दर काही वर्षांनी लाकूड बदलतच असतं. ‘हा रथ नकली आहे’ असं कोणी म्हणत नाही, कारण रथाची ओळख तो दरवर्षी ओढला जातो यात आहे. ज्या वर्षी ओढणं थांबेल, त्या वर्षी सागाचं एक मोठं ओझं देवळाच्या आवारात उरेल. लिस्बनने १९३०च्या दशकातल्या ट्रामच्या पोटात १९९०च्या दशकात नव्या मोटरी आणि नवे ब्रेक बसवले. २८ नंबरच्या मार्गावर चढावर कण्हत जाणाऱ्या त्या पिवळ्या ट्रामला आज कोणी खोटी म्हणून दाखवावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जगात एकच उरलेली गाडी रोज चालवली तर तिचं मूळ लाकूड, मूळ रंग, कारागिराच्या हाताच्या खुणा झिजून जातील. हे मला मान्य आहे. एकुलत्या एक गाड्या विश्रांतीला ठेवा, वर्षातून दोनदा बाहेर काढा. पण हा नियम पाचशेच्या खेपेत बनलेल्या गाडीला लावून तिला कुलूप घालू नका. मेलबर्नने बरा रस्ता काढला. डब्ल्यू-क्लासच्या निवडक जुन्या ट्राम नव्याने सज्ज करून शहराच्या फेरीमार्गावर चालवल्या, आणि २०१८ मध्ये कोठारात सडत पडलेल्यांपैकी १३४ गाड्या शाळांना, संस्थांना, लोकांना द्यायचं जाहीर केलं. त्यातल्या कोणाचा कॅफे होईल, कोणाचं वाचनालय. मला त्यात काही गैर दिसत नाही, कारण तिथे कोणी कॅफेला ‘जतन’ म्हणत नाही.

तिसरा आक्षेप पायऱ्यांचा. जुन्या ट्रामच्या उंच पायऱ्या चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, गुडघे दुखणाऱ्या बाईला बाहेर ठेवतात. जुन्यावर प्रेम करणारे हा आक्षेप हसून टाळतात, ते चूक आहे. एफ मार्गावर मुख्य थांब्यांवर चढउतारासाठी उंच फलाट आणि रॅम्प केलेत. मिलानमध्ये जुन्यांच्या जोडीला सपाट तळाच्या नव्या ट्राम धावतात. म्हणजे उपाय आहेत, फक्त ते करायला मार्ग जिवंत लागतो. बागेत उभ्या केलेल्या डब्याला रॅम्प कोण बांधतो?

आणि परवडण्याबद्दल बोलायचं तर न्यू ऑर्लिन्सचं एक उदाहरण ऐका. तिथल्या सेंट चार्ल्स मार्गावर १९२३-२४च्या हिरव्या ट्राम चालतात. कॅनाल स्ट्रीटसाठी शहराच्या स्वतःच्या कारखान्याने लाल रंगाच्या नव्या ट्राम बांधल्या होत्या, दिसायला जुन्या, आतून आधुनिक. २००५ मध्ये कत्रिना वादळात लाल ट्रामचा डेपो पाण्याखाली गेला. हिरव्यांचा डेपो उंचावर होता, म्हणून त्या वाचल्या. पण सेंट चार्ल्सच्या वरच्या तारा तुटल्या होत्या. तेव्हा डिसेंबर २००५ मध्ये ऐंशी वर्षांच्या हिरव्या ट्राम कॅनाल स्ट्रीटवर आणून शहराची ट्राम सेवा पुन्हा सुरू केली. उंच जागा हे नशीब होतं, कबूल. पण नशिबाने वाचलेली गाडी दुसऱ्या मार्गावर लगेच धावू शकली, कारण ती रोज धावत होती. ड्रायव्हर होते, फिटर होते, सुटे भाग होते. तीच गाडी एखाद्या चौकात चौथऱ्यावर उभी असती, तर वादळानंतर तिच्यावर फार तर बातमी आली असती.

हे सगळं अमेरिका-युरोपातलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणाऱ्यासाठी एक तारीख. इंग्लंडमध्ये क्रिच नावाच्या गावी ट्रामचं संग्रहालय आहे. काही ट्रामवेड्यांनी १९४८ मध्ये साउदम्पटनची एक ट्राम १० पौंडांना विकत घेतली, तिथून त्याची सुरुवात. त्यांनी जागा शोधली, स्वतःच्या हातांनी रूळ टाकले आणि १९६४ मध्ये तिथे विजेच्या ट्राम चालू झाल्या. त्याच १९६४ मध्ये, ३१ मार्चच्या रात्री, मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. १८७४ मध्ये घोड्यांनी सुरू झालेली, १९०७ मध्ये विजेवर आलेली ट्राम. आज दादर टीटीच्या नावातल्या दुसऱ्या ‘टी’मध्ये टर्मिनस आहे आणि पहिल्या ‘टी’मध्ये ट्राम, आणि हे तिथे टॅक्सी पकडणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसेल. बेस्टच्या नावातला ‘टी’सुद्धा सुरुवातीला ट्रामवेजचा होता, नंतर ट्रान्सपोर्टचा झाला. मुंबईने ट्राम जपली ती अशी, आद्याक्षरात.

सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर बस रस्त्यावरून गेल्या, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस टाकले. निदान दोन बस संग्रहालयात ठेवा, अशी मागणी झाली. मागणी करणाऱ्यांची तळमळ खरी होती. पण मागणी फार लहान होती. दोन बस चालू ठेवा, साध्या तिकिटात, असं मागायला हवं होतं. आपण मागतो तेव्हाही देव्हाराच मागतो.

आणि आता पाळी कोलकात्याची आहे. भारतात ट्राम उरलीय ती तिथेच. १९०२ पासून विजेवर. सत्यजित राय यांच्या ‘महानगर’ची सुरुवातच ट्रामच्या तारेवर सरकणाऱ्या दांड्याने होते. १९५३ मध्ये दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवलं, तर शहर पेटलं आणि वाढ मागे घ्यावी लागली. एका पैशावरून भांडावं इतकी ती लोकांची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी सांगितलं की ट्राम बंद होतील, फक्त एस्प्लनेड ते मैदान असा एक ‘हेरिटेज’ मार्ग राहील. कारण, वाहतुकीची कोंडी. पूर्वी अनेक रस्त्यांवर ट्रामला स्वतःची वेगळी पट्टी होती. ती मोटारींना दिली, ट्रामला मोटारींच्या गर्दीत ढकललं, आणि मग म्हणायचं की ट्राम वाट अडवते.

मंत्र्यांच्या हेतूवर मला शंका नाही. माझी शंका हिशेबावर आहे. ट्राम चालवायला जे लागतं ते मार्गाच्या लांबीबरोबर आखडत नाही. वीज उपकेंद्र लागतं, वरची तार ओढणारी टोळी लागते, रूळ जोडणारे हात लागतात, झिजलेली चाकं पुन्हा गोल करणारं यंत्र लागतं. हे सगळं वीस मार्गांना जेवढं लागतं, त्यातलं बरंचसं एका मार्गालाही लागतं. कोलकात्यात नोनापुकुरचा कारखाना आहे, जिथे ट्राम दुरुस्त होतात, नव्याने बांधल्या जातात. तिथलं ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही, तिथल्या माणसांच्या मनगटात आहे. मैदानातल्या गवतावरून रविवारी फेऱ्या मारणाऱ्या दोन-चार डब्यांसाठी तो कारखाना किती वर्षं उघडा राहील? मग एखाद्या अंदाजपत्रकात कोणीतरी विचारेल की एवढ्याशा जॉयराइडवर एवढा खर्च कशाला. त्या प्रश्नाला उत्तर नसेल, कारण त्या ट्रामने कामाला जाणारं कोणीच उरलेलं नसेल. एस्प्लनेडला १९३८च्या एका डब्यात ‘स्मरणिका’ नावाचं छोटं संग्रहालय २०१४ पासून आहेच. त्याला शेजार मिळेल.

ट्रामसाठी कोलकात्यात लोक कोर्टात गेलेत, रस्त्यावर उतरलेत, आणि आपण लांबून त्यांच्या पोस्टना बदाम देतोय. माझ्या मते त्यांनी ‘हेरिटेज’ हा शब्दच परत करावा. एस्प्लनेडहून उत्तरेला आणि दक्षिणेला निदान एकेक खरा मार्ग मागावा, जिथे शाळा आहेत, कचेऱ्या आहेत, बाजार आहेत. तिकीट बसएवढं. पट्टी वेगळी. त्यावर जुने डबे नव्यांच्या जोडीने चालवावेत आणि उशीर झाला की रीतसर तक्रार करावी.

आणि कोर्टाचा निकाल, सरकारची फाइल, पैसा हे सगळं येईल तेव्हा येवो, एक काम उद्या सकाळीसुद्धा सुरू करता येईल. नोनापुकुरात निवृत्तीला आलेल्या फिटरांच्या शेजारी दोन-चार इंजिनिअर पोरं बसवायची, पगार देऊन, सहा महिने. एक कॅमेरा, एक वही, हातात पाना. कंट्रोलर उघडायचा, जोडायचा, पुन्हा उघडायचा, जोपर्यंत त्या पोरांनी जोडलेल्या गाडीत तो फिटर स्वतः हँडल धरून डेपोबाहेर जात नाही तोपर्यंत.